नगावर काम करणाऱ्या ताईला: आधी तुमचा तासाचा रेट काढा

पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"मी घरी तयार कपड्यांचं हातकाम करते, बटणं, हुक, मणी-टिकल्या लावणं, दोरे कापणं. सहा वर्षं झाली. माल कॉन्ट्रॅक्टर आणून देतो, पैसे नगावर. रेट दोन वर्षांपासून तोच आहे, वर प्रत्येक लॉटमागे काही पीस खराब निघाले म्हणून पैसे कापतो, ते पीस मात्र कधी दाखवत नाही. मागच्या सीझनचे पैसे अजून अडकलेत. सासऱ्यांच्या आजारपणात त्याच्याकडूनच उचल घेतली होती, ती फिटलीय की नाही तेच कळत नाही. काही बोललं की म्हणतो, तुम्ही काय आमच्या कामगार आहात का, घर तुमचं, सुई तुमची, तुमच्या मर्जीने करता, परवडत नसेल तर सोडा, दुसऱ्या खूप आहेत. मुलगी बारा वर्षांची आहे, शाळेतून आली की मणी ओवायला बसते. तो माल न्यायला येतो तेव्हा जरा वेडंवाकडं बोलतो पण चालायचंच. मिस्टर म्हणतात घरीच तर असतेस, टीव्ही बघता बघता होतंय, मिळतायत ते घे. मी काम सोडून देऊ का? की माझंच काही चुकतंय?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, तुमचं काही चुकत नाहीये. आणि काम सोडायचं की नाही हे आज ठरवू नका, कारण ते ठरवायला जे माहीत असायला हवं ते अजून तुमच्या हातात नाहीये. पत्रात नगाचा रेट तुम्ही लिहिलाय, कापलेल्या पैशांचा राग लिहिलाय, पण एका तासाला तुमच्या हातात काय पडतं हे कुठेच नाही. नगावर काम करणाऱ्या जवळपास कुठल्याच बाईला हे सांगता येत नाही, कारण पैसे नगाचे मिळतात आणि वेळ मोजायला कुणी सांगतच नाही, कॉन्ट्रॅक्टर तर नाहीच नाही, त्याचा सगळा फायदा तुम्ही वेळ न मोजण्यात आहे.

म्हणून आधी हे करून बघा. समजा १०० नगांचा लॉट आलाय आणि तुम्हाला वाटतं की आपण तो ५ तासांत संपवतो, म्हणजे तासाला २० नगांचे पैसे. पण हे ५ तास फक्त सुई हातात असतानाचे झाले. गाठोडं सोडून माल मोजणं, रंगाप्रमाणे लावून घेणं, मणी निवडणं, झालेले पीस तपासणं, दोरे झटकणं, घड्या घालून परत बांधणं, त्याची वाट बघत बसणं, तो आला नाही तर स्वतः पोचवायला जाणं, हे सगळं धरलं की ८ तास होतात. वर मुलीचा दीड तास, तो सुद्धा कामाचाच तास आहे, म्हणजे झाले साडेनऊ. आणि त्याने ८ पीस खराब म्हणून कापले तर पैसे मिळणार ९२ नगांचे. आता भागा, तासाला १० नगांचेही पैसे पडत नाहीत. जे २० वाटत होतं ते निम्म्याच्याही खाली आलं, आणि यात सुया, दोरा, लाइटचं बिल, फोन, जाण्यायेण्याचा खर्च अजून वजाच केलेला नाही. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, तुमचे वेगळे निघतील, पण रीत हीच.

एक साधी वही करा. माल आला ती तारीख, किती नग, कसलं काम, ठरलेला रेट, बसले कधी उठले कधी, परत दिला ती तारीख, किती कापले आणि काय कारण सांगितलं, पैसे कधी मिळाले किती मिळाले. एक महिना न चुकता लिहा. अर्धवट लिहिलेली वही असेल तर तो पहिल्याच चुकीवर बोट ठेवेल आणि सगळी वहीच खोटी ठरवेल. माल घेताना आणि देताना गठ्ठ्याचा फोटो काढा, आणि व्हॉट्सअॅपवर त्याला साधा मेसेज टाका की आज १०० नग मिळाले, रेट इतका ठरलाय, अमुक तारखेला देते. भांडणाचा सूर अजिबात नको, रोजच्या कामाचा मेसेज वाटला पाहिजे. त्याने नुसतं ओके म्हटलं किंवा अंगठा पाठवला तरी तुमच्याकडे लिहिलेलं काहीतरी आलं, जे सहा वर्षांत कधी नव्हतं. तो मेसेज बघतच नसेल तर वहीवर त्याची सही घ्या, सही देत नसेल तर निदान शेजारच्या बाईसमोर माल मोजून घ्या आणि तिचं नाव वहीत लिहा.

आता तो म्हणतो ना तुम्ही आमच्या कामगार नाही, घर तुमचं सुई तुमची, हे वाक्य जगभर नगावर काम देणारा प्रत्येक माणूस म्हणत आलाय आणि यावर बाया फार वर्षं भांडल्यात. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने (आयएलओ म्हणतात ती) घरकामगारांसाठी, म्हणजे घरात बसून दुसऱ्यासाठी माल बनवणाऱ्यांसाठी, करार क्रमांक १७७ केला. त्यात व्याख्याच अशी केलीय की जी व्यक्ती स्वतःच्या घरात किंवा मालकाच्या कारखान्याबाहेर, पैशाच्या बदल्यात, काम देणारा सांगेल तसा माल किंवा सेवा तयार करून देते ती घरकामगार, मग अवजार, सामान, कच्चा माल कुणाचाही असो. म्हणजे सुई कुणाची हा प्रश्नच त्यांनी बाद केला. डिझाइन त्याचं, नमुना त्याचा, तारीख त्याची, रेट त्याचा, खराब कुठलं हे ठरवणारा पण तोच, मग तुम्ही स्वतंत्र धंदा करणाऱ्या कशा झालात? स्वतंत्र धंदा करणारी आपला भाव स्वतः सांगते आणि गिऱ्हाईक बदलू शकते.

त्या करारासोबत शिफारस क्रमांक १८४ आहे, ती मला जास्त आवडते कारण ती कुणीतरी घरात बसून माल मोजलेल्या बाईला विचारून लिहिल्यासारखी आहे. त्यात म्हटलंय की वीज, पाणी, फोन, मशीनची देखभाल याचा खर्च भरून मिळाला पाहिजे, आणि माल सोडणं, निवडणं, बांधणं यात गेलेल्या वेळेचेही पैसे मिळाले पाहिजेत. पैसे माल देतानाच किंवा ठरलेल्या मुदतीने, ती मुदत एक महिन्यापेक्षा जास्त नसावी. खराब मालासाठी पैसे कापायचे तर त्याचे नियम आधीच ठरलेले असावेत, मनाला येईल तसं कापायचं नाही. आणि डेडलाइन अशी देऊ नये की रोजची आणि आठवड्याची विश्रांतीच जाईल. तुमच्या पत्रातली जवळपास प्रत्येक तक्रार त्यात आहे.

खोटी आशा मात्र देणार नाही. हा करार फार थोड्या देशांनी मंजूर केलाय, पहिला फिनलंड १९९८ मध्ये, आणि मंजूर असला तरी कॉन्ट्रॅक्टरला उद्या हा कागद दाखवला म्हणून तो घाबरेल असं काही नाही. मी हे एवढं सांगतेय कारण तुम्ही पत्रात प्रत्येक मागणीच्या आधी "जास्त तर मागत नाहीये ना" असं लिहिलंय. नाही मागत आहात. तुम्ही जे मागताय ते जगभरच्या सरकारांचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी ज्या टेबलावर बसून ठरवतात तिथे लिहून झालेलं आहे, आता ते तुमच्या दारापर्यंत आणायचं बाकी आहे.

आणि काही ठिकाणी ते दारापर्यंत आलंय. थायलंडमध्ये २०१० साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात काम देणाऱ्याने कामाचा लेखी कागद करून द्यायचा असतो. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये कायदा बदलून घरी कपडे शिवणाऱ्या बायकांना नोकरदारांसारखेच हक्क दिले, आणि मधल्याने पैसे बुडवले तर वरच्या कंपनीकडे मागायचा रस्ताही उघडला. हा दुसरा मुद्दा फार मोलाचा आहे कारण तुमचा कॉन्ट्रॅक्टर सुद्धा मधलाच आहे, त्याच्यावर कुणीतरी आहे आणि त्या कुणीतरीच्या वर ब्रँड आहे. कपड्याच्या लेबलवर काय नाव असतं ते बघून वहीत लिहून ठेवा, लेबलचा फोटो काढा. आज उपयोग नाही वाटणार पण पैसे बुडाले तर हाच धागा वरपर्यंत जातो. तुमच्या इथल्या कायद्यात नेमकं काय मिळतं ते लेबर ऑफिसमध्ये किंवा फुकट कायदा सल्ला मिळतो तिथे वही घेऊन जाऊन विचारा, वही असली की समोरचा माणूस वेगळं वागतो.

आता त्याच्या धमकीबद्दल, "दुसऱ्या खूप आहेत". खरं आहे, खूप आहेत. आयएलओच्या हिशोबाने २०१९ मध्ये जगात २६ कोटी लोक घरातूनच काम करून कमवत होते आणि त्यात निम्म्याहून जास्त, साधारण १४ कोटी ७० लाख, बायका होत्या. तो हा आकडा तुम्हाला घाबरवायला वापरतो. पण नीट बघा, त्याच्याकडे दुसऱ्या खूप आहेत म्हणजे तुमच्याकडेही दुसऱ्या खूप आहेत. तो ज्या दहा-पंधरा घरी माल टाकतो त्या बायका तुमच्यापासून फार लांब राहत नसणार. त्यांना काय रेट मिळतो माहितीय तुम्हाला? बहुतेक नाही, कारण प्रत्येकीला त्याने सांगितलेलं असतं की तुला जरा जास्त देतोय, कुणाला बोलू नको. हे गुपित मोडा. सगळ्यात आधी दोघी-तिघींनाच गाठा, मीटिंग वगैरे शब्द नको, नुसतं बसा आणि एकमेकींचा रेट, कापलेले पीस, अडकलेले पैसे सांगा. मग त्यांनाही वही सुरू करायला सांगा.

एकटीने जाऊन रेट वाढवून मागू नका. हे मी फार कळकळीने सांगतेय. एकटी बाई बोलली की पुढचा लॉट तिच्या दारात येतच नाही, आणि बाकीच्यांना धडा मिळतो. तिघी-चौघी एकाच आठवड्यात, एकाच भाषेत, एकच गोष्ट बोलल्या तर त्याला सीझनमध्ये माल थांबवणं परवडत नाही, त्यालाही वर तारीख दिलेली असते. पहिली मागणी रेटची करूच नका. पहिली मागणी करा की खराब पीस आम्हाला दाखवा आणि दुरुस्त करायला परत द्या, मगच पैसे कापा. याला नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड नाही, यात त्याचं नुकसान नाही (खरंच खराब असतील तर), आणि एकदा ही गोष्ट मान्य झाली की तुम्ही चौघी एकत्र बोलता हे त्याला कळतं. मग पैशाची तारीख. मग रेट, आणि तो माल जास्त असेल तेव्हाच मागायचा, मंदीत मागून काही मिळत नाही.

अशा बायकांची युनियन होऊ शकते का असं तुम्हाला वाटेल. १९७२ मध्ये अहमदाबादला कामगारांसाठी काम करणाऱ्या वकील इला भट्ट आणि त्यांच्या सोबतच्या बायका 'सेवा' ही अशाच बायकांची युनियन नोंदवायला गेल्या तेव्हा लेबर खात्याने आधी नकारच दिला, म्हणे या बायकांना मालकच नाही तर भांडणार कुणाशी. त्यांचं उत्तर होतं की युनियन कुणाच्या तरी विरुद्धच असायला हवी असं नाही, कामगारांनी एकत्र यावं म्हणूनही असते. त्याच वर्षी नोंदणी झाली. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरी बसून शिवणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायका त्यात होत्या, आणि पुढे १९९६ चा तो करार व्हावा म्हणून जगात ज्यांनी जोर लावला त्यात सेवा पुढे होती. तुमच्या भागात अशी काही संघटना असेल तर जरूर जा, नसेल तर चार वह्या असलेल्या चार बायका ही सुरुवात पुरेशी आहे.

उचलीचं प्रकरण मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. जोवर त्याचे पैसे तुमच्याकडे आहेत तोवर तुम्ही सोडू शकत नाही आणि त्याला ते माहितीय, म्हणून तो ती फिटलीय की नाही सांगतच नाही. त्याला विचारा की एकूण किती दिले, आत्तापर्यंत किती कापले, किती राहिले, आणि उत्तर वहीत लिहून मेसेजवर पाठवा. उचलीची कपात आणि खराब मालाची कपात वेगवेगळी लिहायला लावा, दोन्ही एकत्र मिसळल्या की हिशोब कधीच लागत नाही. नवीन उचल त्याच्याकडून घेऊ नका, शक्यच नसेल तर गोष्ट वेगळी, पण आधी बचत गट, बँक, नात्यातलं कुणी, सगळं बघा. सेवाच्या बायकांनी नोंदणीनंतर दोनच वर्षांत, १९७४ मध्ये, ४००० जणींनी प्रत्येकी १० रुपये भरून स्वतःची बँक काढली ती याच कारणाने, रेट वाढवून मागितला तरी कर्ज त्याच लोकांचं असेल तर आवाज निघत नाही.

मुलीबद्दल बोलताना तुम्हाला दोष द्यायचा नाहीये. रेट इतका कमी असतो की एका बाईच्या हातांनी तो लॉट वेळेत होतच नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरला हे माहीत असतं, तो एकीला माल देतो आणि घरातल्या अडीच माणसांची मेहनत घेऊन जातो. पण बारा वर्षांच्या मुलीचे डोळे आणि संध्याकाळ यात जायला नको. एकदम बंद करणं जमणार नसेल तर आधी अभ्यास, खेळ, मग वेळ उरला तरच थोडं, आणि परीक्षेच्या दिवसांत तर गाठोड्याला हातही नको. तेवढे नग कमी घ्या. पैसे कमी येतील, हो. पण वहीत तिचा तास लिहिलात की तुम्हालाच दिसेल त्या दीड तासाचे तो किती कमी पैसे देतोय, आणि मग सोडणं तेवढं जड जाणार नाही. तुमचे स्वतःचे डोळे दुखतात असंही लिहिलंय, उजेड खिडकीकडून हातावर पडेल असं बसा, दर थोड्या वेळाने लांब बघा, उठून मान-पाठ मोकळी करा, आणि डोळे एकदा तपासून घ्याच.

तो वेडंवाकडं बोलतो हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी पुढे जाणार नाही. चालायचंच असं काही नसतं. काम घरात होतं म्हणून तो घरात येतो, म्हणजे तुमचं घर ही कामाची जागा झाली, आणि २०१९ च्या आयएलओच्या छळविरोधी करारात (क्रमांक १९०) हे स्पष्ट लिहिलंय की काम होत असलेली खाजगी जागा सुद्धा कामाची जागाच, आणि असंघटित कामातल्या बायकाही त्यात येतात. आजपासून माल दाराबाहेरच मोजून घ्यायचा, आत बोलवायचं नाही, येण्याची वेळ अशी ठरवायची की घरात किंवा शेजारी कुणीतरी असेल. तो काय बोलला, कधी, हे त्याच वहीत मागच्या पानावर लिहायचं. आणि त्या दोघी-तिघींना हे पण विचारा, मला जवळपास खात्री आहे की तो एकटीशीच असं बोलत नसणार. हात लावला किंवा धमकी दिली तर वही, हिशोब, उचल सगळं बाजूला ठेवून थेट पोलिसात किंवा महिला हेल्पलाइनला कळवा, अडकलेल्या पैशांचं नंतर बघू.

मिस्टरांशी भांडू नका, त्यांना बोलून पटणार नाही. महिन्याच्या शेवटी वही दाखवा आणि बेरीज त्यांनाच करायला सांगा, तास आणि पैसे दोन्ही. टीव्ही बघता बघता होणारं काम महिन्याला इतके तास कसं काय होतं हे त्यांना स्वतःच्या बेरजेतून दिसू दे. आणि कुठल्याही फॉर्मवर, सर्व्हेला आलेल्या माणसासमोर, मुलीच्या शाळेत, व्यवसाय विचारला की गृहिणी लिहून गप्प बसू नका, कपड्यांचं हातकाम करते, नगावर, असं सांगा. बायका स्वतःच काही करत नाही म्हणतात म्हणून सरकारी आकड्यांत त्या दिसत नाहीत आणि आकड्यांत नसलेल्या माणसांसाठी योजना होत नाहीत.

सोडायचं का याचं उत्तर महिन्याभराने द्या. तासाचा खरा रेट दुसऱ्या मिळण्यासारख्या कामापेक्षा फारच कमी निघाला, बाकीच्या बायकाही सोबत यायला तयार नसल्या, आणि खराब पीस दाखवायची साधी गोष्ट सुद्धा त्याने नाकारली, तर हळूहळू बाहेर पडा. आधी उचल फेडा, अडकलेले पैसे काढा, दरम्यान थेट कारखान्याकडून किंवा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून थोडा माल घेऊन बघा, मगच याचा बंद करा. रागाच्या भरात सोडलं तर मागच्या सीझनचे पैसे गेलेच समजा.

वही भरली की आकडे मला पाठवा, नाव-गाव नको, नुसते तास, नग, कपात आणि हातात आलेले पैसे. शेजारच्या दोघींचेही जमले तर पाठवा, म्हणजे रेट किती मागायचा ते तुमच्या स्वतःच्या आकड्यांवरून बघता येईल.